शाळेचा ड्रेस दोन वर्षांतच बदलला, दोघांचे ११,४०० झाले. टेलरकडून शिवून घेतला तर चालतो का?

सुदामानगरची आई

नमस्कार. इथे इंदूरचे बरेच पालक आहेत म्हणून विचारतेय, लांबलचक झालंय पण वाचा प्लीज. माझी मुलगी सातवीत गेली आणि मुलगा तिसरीत, दोघं एकाच प्रायव्हेट शाळेत. शाळेचं नाव लिहीत नाही, मुलांना तिथंच शिकायचंय. १ एप्रिलला सेशन सुरू झालं आणि त्याच्या आठ दिवस आधी ग्रुपवर मेसेज आला की यंदापासून नवीन युनिफॉर्म. दोन वर्षांपूर्वीच तर बदलला होता! तेव्हा साधं होतं, ग्रे स्कर्ट-पँट आणि आकाशी शर्ट. आता मरून-ग्रे चेक्स, त्यावर जॅकेट, बुधवारी आणि शनिवारी हाऊसचा टीशर्ट आणि ट्रॅकपँट, मोजे पण पट्ट्यावाले. खाली दुकानाचं नाव, पत्ता, टायमिंग. दुकान एकच.

रविवारी गेलो तर दीड तास लाइन. स्कर्ट ७८० चा एक, शर्ट ५६०, जॅकेट ६९०, असं करत करत मोठीचे ४,९५० आणि धाकट्याचे ४,०५०. बूट वेगळे, काळे आणि पांढरे दोन दोन जोड, २,४००. एकूण ११,४०० आणि यात ब्लेझर नाहीये, तो नोव्हेंबरात. ह्यांचा सांवेर रोडला जॉब आहे, पगार २८ हजार, मी घरी ट्यूशन घेते. फी, किताबा आणि हे सगळं एकाच महिन्यात येतं हो.

दुकानात मी बिल बघून राहिले होते तर मोठी हळूच म्हणाली, आई जॅकेट नको घेऊस, मला त्यात उकडतं. आणि स्कर्ट एकच घे, मी रोज रात्री धुवून पंख्याखाली टाकीन. बारा वर्षांची पोर आहे ती. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

मागच्या वेळी सगळं वाढत्या अंगाचं घेतलं होतं, स्कर्टची दुमड अजून एकदा सोडता आली असती, तिचे आकाशी शर्ट धाकट्याला दोन वर्षं गेले असते. ते सगळं आता कपाटात पडून आहे, चांगलं, न फाटलेलं.

तर विचारायचं हे की बाहेरून कापड घेऊन टेलरकडून शिवून घेतलं तर शाळा अडवू शकते का? आणि दोन वर्षांत बदलायची परवानगी असते का? मी फक्त अर्ध्या वस्तू घेऊन आले आहे, बाकीच्या थांबवल्यात.

निवृत्त बाई, लोकमान्य नगर

ताई, आधी तो ग्रुपवरचा मेसेज सांभाळून ठेवा, स्क्रीनशॉट काढा, डिलीट झाला तर हातात काही राहणार नाही. त्यात दुकानाचं नाव आहे ना, तोच पुरावा.

मध्यप्रदेशात खाजगी शाळांच्या फीचा कायदा २०१७ चा आहे आणि त्याचे नियम २०२० मध्ये आले. त्यात फीबरोबर ड्रेस-किताबांचं पण आहे. शाळा तुम्हाला अमुकच दुकानातून घ्या अशी सक्ती करू शकत नाही, तुम्ही खुल्या बाजारातून घेऊ शकता. आणि ड्रेस बदलला तर तो पुढची तीन शैक्षणिक सत्रं तसाच ठेवायचा असतो. तुमच्या शाळेनं दोन वर्षांत बदलला म्हणजे सरळच नियमाबाहेर आहे. नियम मोडला तर पहिल्या वेळेलाच दोन लाखांपर्यंत दंड आहे. जिल्ह्याची एक समिती असते, कलेक्टर त्याचे अध्यक्ष. २०२४ मध्ये जबलपूरला जे झालं ते पेपरात वाचलंच असेल, फी आणि किताबांच्या प्रकरणात प्रशासनानं शाळांवर थेट एफआयआर केले होते. म्हणजे कागद हलू शकतो, कुणीतरी द्यायला हवा.

दर एप्रिलमध्ये आपल्याकडे कलेक्टर ऑफिसातून आदेश पण निघतात की एकाच दुकानाची सक्ती नको, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघायचे, आता त्या जागी आलेल्या नवीन कायद्यात ते कलम १६३ झालंय. दुकानाच्या काउंटरवर भांडू नका, त्या पोरांच्या हातात काही नसतं. शाळेला लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या कॉपीवर आवक नंबर घ्या. उत्तर नाही आलं तर मंगळवारी कलेक्टर ऑफिसात लोकांच्या तक्रारी ऐकतात, त्या जनसुनवाईला जा, नाहीतर १८१ वर सीएम हेल्पलाइनला नोंदवा.

मी एकतीस वर्षं सरकारी शाळेत शिकवलं. तिथं आठवीपर्यंतच्या मुलाला दोन जोड ड्रेसचे ६०० रुपये धरलेले असतात. दोन जोड, ६०० मध्ये! कधी खात्यात यायचे, कधी बचत गटाच्या बायका शिवून द्यायच्या आणि ते येईपर्यंत पावसाळा संपलेला असायचा. मुलं मागच्या वर्षीच्या आखूड पँटमध्ये यायची, आम्ही कुणी काही बोलायचो नाही. आणि इथे एका स्कर्टचे ७८०. बघा किती अंतर आहे एकाच शहरात.

क्लॉथ मार्केटवाला

मी एमटी क्लॉथ मार्केटमध्ये नोकरी करायचो, नंतर नऊ वर्षं एका युनिफॉर्मच्या दुकानात काउंटर सांभाळला, आता ती लाइन सोडली. त्यामुळे मोकळेपणानं लिहितो, दुकानाचं नाव घेणार नाही.

ताई तुमच्या मेसेजमध्ये खरी गोष्ट "चेक्स" ही आहे. नेव्ही ब्लू, ग्रे, खाकी, पांढरा, आकाशी हे शेड कुठंही मिळतात, सीतलामाता बाजारात गेलात तर दहा दुकानं सापडतील आणि भावात पण फरक करता येतो. पण चेक्स म्हणजे मिलमध्ये त्या शाळेसाठी वेगळी डिझाइन बनवून घेतात. युनिफॉर्मचं सूटिंग बहुतेक भिलवाड्याहून येतं, तिथं मिलवाला म्हणतो एवढे मीटर एकदम उचलत असाल तर तुमची डिझाइन विणून देतो. ते सगळे ताके एक दुकानदार उचलतो. मग तुम्ही अख्खं मार्केट फिरा, ते कापड दुसऱ्याकडे असणारच नाही. शाळेला "इथूनच घ्या" असं म्हणायची पण गरज राहत नाही, कागदावर तुम्ही मोकळे आहात आणि कापड मात्र एकाकडेच. पट्ट्यावाल्या मोज्यांचं पण तेच.

आता भाव. मुलीच्या शर्टाला दीड मीटर कापड, पांढरं किंवा आकाशी टीसी म्हणजे टेरीकॉट चांगल्यातलं ९० रुपये मीटर धरा, १३५ झाले. टेलर मास्टर एक शर्ट २०० मध्ये शिवतो, बटणं आणि कॉलरचं कॅनव्हास धरून. ३३५. दुकानाचा माल तर एकदम पाचशे-हजार पीस शिवून येतो, त्याला शिलाई याच्या निम्म्यानंही पडत नाही. सोलापूरला तर युनिफॉर्म शिवायचे एवढे कारखाने आहेत, तिथून पण माल येतो. मग ५६० कुठून आले? दुकानदाराचं भाडं, वर्षभर २० पासून ४४ नंबरपर्यंत सगळे साइज भरून ठेवायचे, एप्रिल आणि जून सोडले तर दुकान रिकामं, उरलेला माल दुसऱ्या शाळेला विकता येत नाही, आणि शाळेनं ड्रेस बदलला तर सगळा माल तसाच अंगावर. हा खर्च खरा आहे, मी बघितलाय, त्याला खोटं म्हणणार नाही. पण मी होतो तिथं याच्यावर अजून एक हिस्सा होता, तो सेशनच्या आधी पाकिटात जायचा. कुठं जायचा ते तुम्ही समजून घ्या. तो हिस्सा भरायचा म्हणून दर दोन-तीन वर्षांनी काहीतरी बदलायला लागतं, कधी कॉलरची पाइपिंग, कधी मोज्यांचा पट्टा. म्हणून मी ते काम सोडलं. माझ्या समोर एक बाई नवरा वारल्यावर पोराचा ड्रेस हप्त्यानं मागत होती आणि मला नाही म्हणावं लागलं होतं.

तुमच्यासाठी:

शर्ट, पांढरे बूट, साधे मोजे, ट्रॅकपँट नेव्ही असेल तर ती, हे बाहेरून घ्या. शर्टाच्या खिशावरचा मोनो, म्हणजे शाळेचं चिन्ह, वेगळा मागा, बऱ्याच शाळा कापडी मोनो देतात, नाहीतर कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीवाला करून देतो. स्कर्ट आणि जॅकेट तिथूनच घ्यावं लागेल पण स्कर्ट घेताना आत माया, म्हणजे शिवणीच्या आतलं जादा कापड, किती सोडलीय ते उलटून बघा. कमरेला दोन्ही बाजूंनी दीड-दोन इंच आणि खाली तीन इंच दुमड असेल तर तीन वर्षं जाईल. हल्ली मशीनवाले माया कापूनच टाकतात, अर्ध्या इंचावर इंटरलॉक मारलेलं असतं, तो स्कर्ट पोर वाढली की बाद. घेताना दुकानात सांगा की माया नसेल तर नको.

आणि पक्कं बिल मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० पर्यंतच्या रेडिमेडवर ५ टक्केच जीएसटी आहे, आधी हजाराच्या वर १२ होता. नोव्हेंबरात ब्लेझर घ्याल तेव्हा जुन्या भावातच लावत नाहीत ना ते बघा.

ग्वाल्हेरचा बाबा

माझं थोडं वेगळं म्हणणं आहे. राग दुकानावर काढा, शाळेवर काढा, पण युनिफॉर्मच बंद करा असं कुणी म्हणू नका. आमच्या मुलीच्या शाळेत महिन्यातून एक शनिवार "कलर ड्रेस" असतो. आदल्या रात्री आमच्या घरात रडारड. मागच्या वेळचा फ्रॉक सगळ्यांनी बघितलाय म्हणते. रोज घरचे कपडे घालायचे असते तर मी दिवाळं काढलं असतं. एक रंग असतो म्हणून बेंचवर शेजारी कोण बसलंय ते कपड्यावरून कळत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण ब्लेझरचा विषय ताईंनी काढला म्हणून सांगतो. ग्वाल्हेरची जानेवारी तुम्हाला इंदूरला नाही कळणार, धुक्यात सकाळी समोरची रिक्षा दिसत नाही. आणि तो ब्लेझर बघायला झकपक, आत पातळ अस्तर, ऊब काहीच नाही. आत स्वेटर घातला तर बाह्या अडकतात आणि वरून दुसरा जाड कोट घातला तर गेटवर टोकतात. १,८०० देऊन पोर कुडकुडतं ते कुडकुडतंच.

बडोदेकर मावशी

थंडीचं निघालं म्हणून लिहिते. आमच्या गुजरातमध्ये जानेवारी २०२३ ला राजकोटला एक मुलगी शाळेत सकाळी कोसळली आणि गेली. घरच्यांचं म्हणणं होतं की कडाक्याची थंडी होती आणि शाळेच्या स्वेटरमध्ये ती भागत नव्हती. त्यानंतर शिक्षण खात्यानं शाळांना कळवलं की मुलं घरचं कोणतंही गरम कापड घालून येऊ शकतात, आमच्याच रंगाचा स्वेटर हवा म्हणून अडवायचं नाही. एवढं व्हायला एक पोर जावं लागलं. मी तेव्हा नातवाला आजोबांची विणलेली टोपी आणि माझा हातचा स्वेटर घालून पाठवला, चॉकलेटी रंगाचा, शाळेचा निळा आहे, कुणी काही बोललं नाही.

आमच्या सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये अख्ख्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं होतं, त्याच्या आधी १८९३ ला अमरेलीकडे करून बघितलं. माझे सासरे दांडिया बाजारातून अनवाणी शाळेत जायचे, सदरा आणि चड्डी, जी घरी असेल ती. पोर शाळेत आलं पाहिजे एवढंच बघायचे. ताई, तुमच्या मुलीनं जे दुकानात म्हटलं ते वाचून मला दोन मिनिटं पुढं वाचवेना. तिला जवळ घेऊन सांगा की पैशाचं आम्ही बघतो, ती चिंता तिची नाही.

आरटीईवाला बाबा, परदेशीपुरा

माझा मुलगा आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात गरीब मुलांसाठी ठेवलेल्या २५ टक्के जागांतून एका चांगल्या प्रायव्हेट शाळेत लागला, लॉटरीत नाव आलं तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले होते. फी शून्य. सगळ्यांना वाटतं सगळंच शून्य असेल. ड्रेस, बूट, बॅग, किताबा मिळून पहिल्या वर्षी साडेआठ हजार गेले, माझी कमाई रोजची आहे, मालाची लोडिंग गाडी चालवतो. फी माफ म्हणून आलेलं पोर ड्रेससाठी गेटवर उभं राहील हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

बाई सांगतात तक्रार करा, बरोबरच आहे. पण खरं सांगू का, भीती वाटते. आमचं तर आधीच तिथं ओझं असल्यासारखं. उद्या पोराला मागच्या बेंचवर बसवलं, कार्यक्रमात घेतलं नाही, तर मी काय करणार. तुमच्यापैकी कुणी तक्रार केल्यावर मुलाला त्रास झालाय का? खरं सांगा.

निवृत्त बाई, लोकमान्य नगर

बाबा, तुमची भीती खोटी नाही. मी शाळेच्या आतून बघितलंय म्हणून सांगते, एकट्यानं केलेली तक्रार लक्षात ठेवली जाते, पंधरा जणांची नाही. म्हणून अर्ज "इयत्ता सातवी पालकवर्ग" असा करायचा, सह्या गोल करून घ्यायच्या म्हणजे पहिलं नाव कुणाचं ते राहत नाही. तुमच्यासारख्यांची सही नसली तरी चालेल, ज्यांना झेपतं त्यांनी करावी. आणि मागणी एकच ठेवा. फी, बस, किताबा सगळं एका कागदात कोंबलं की त्याचं काहीच होत नाही.

तुमची बोलायची तयारी असेल तर मला इथं मेसेज करा, माझ्याकडे जुन्या विद्यार्थ्यांच्या घरून आलेले दोन-चार जोड बूट नेहमी असतात.

दोन बहिणींची मोठी

मी आई नाही, कॉलेजात आहे. पण आम्ही दोघी बहिणी एकाच शाळेत होतो आणि मी नेहमी नवीन, ती नेहमी माझं जुनं. तिला कधी वाईट वाटलं नाही कारण आजी दर वर्षी कॉलर उलटवून द्यायची, शर्ट परत नवा दिसायचा. कुणाला माहितीये का हे? कॉलर झिजली की उसवून उलटी करून परत शिवायची. टेलर २०-३० रुपयात करतो. शाळेनं ड्रेस बदलला नाही तरच याचा उपयोग, हे पण खरं.

सुदामानगरची आई

सगळ्यांचे मनापासून आभार, दहा दिवसांनी लिहून राहिले कारण मधे बरीच धावपळ झाली.

बाईंनी सांगितलं तसंच केलं. सातवी आणि तिसरीच्या ग्रुपमध्ये एकेकीला वेगळा फोन केला, ग्रुपवर लिहिलं नाही. मला वाटलं होतं चार जणी तयार होतील, एकवीस सह्या झाल्या. त्यात दोन बायका अशा की त्यांच्या घरी तीन तीन गाड्या आहेत, त्या म्हणाल्या पैशाचा प्रश्न नाहीये पण हे चुकीचं आहे, आम्ही पण करतो. मला हे अजिबात अपेक्षित नव्हतं. मागणी एकच लिहिली, की जुना ड्रेस तीन सत्रं पूर्ण होईपर्यंत चालू द्यावा. २०२० च्या नियमाचा उल्लेख केला. ऑफिसात क्लार्क आवक नंबर द्यायला तयार नव्हता, आम्ही पाच जणी बाकावर बसून राहिलो, पाऊण तासानं दिला.

प्रिन्सिपलनी दुसऱ्या दिवशी बोलावलं. बोलले नीट, आवाज चढवला नाही. म्हणाले की मॅनेजमेंटचा निर्णय आहे, पण ज्यांनी अजून घेतला नाही त्यांची मुलं या सत्रात जुन्या ड्रेसमध्ये आली तर कुणी थांबवणार नाही. लिहून द्या म्हटलं तर म्हणाले बघू. लिहून अजून मिळालेलं नाही म्हणून येत्या मंगळवारी जनसुनवाईला जायचं ठरलंय, सहा जणी निघणार आहोत.

क्लॉथ मार्केटवाले भाऊ, तुमचं अक्षर न् अक्षर खरं निघालं. सीतलामाता बाजारात ते चेक्स कुठंच नाही, एक दुकानदार तर बघूनच म्हणाला हे अमक्या शाळेचं ना, ते फक्त तिथंच. शर्ट मात्र शिवून घेतले, मोठीचे दोन ३४० प्रमाणे पडले, खिशाचा मोनो जुन्या शर्टावरून काढून लावला. आधी घेतलेला स्कर्ट उलटून बघितला, माया अर्धा इंच. परत करायला गेले तर घेत नव्हते, बिल दाखवलं आणि कलेक्टर ऑफिसचा विषय काढला तेव्हा घेतला.

मोठी सध्या ग्रे स्कर्टमध्येच जातेय. तिच्या वर्गात नऊ मुली जुन्या ड्रेसमध्ये आहेत म्हणे. मावशी, तिला तुमचं वाक्य वाचून दाखवलं. काही बोलली नाही, नुसती येऊन मांडीवर डोकं ठेवून पडली.

आरटीईवाले भाऊ, धाकट्याच्या ग्रे पँट दोन आहेत, २६ नंबर, त्याला आता घट्ट होतात. तुमच्या मुलाच्या शाळेत ग्रे चालत असेल तर सांगा.

आरटीईवाला बाबा, परदेशीपुरा

ताई, आमच्याकडे नेव्ही आहे. पण माझ्या भावाच्या पोराची शाळा ग्रेवाली आहे आणि त्याला २६ च लागतो. मी रविवारी गाडी घेऊन तुमच्या बाजूला येऊन राहिलोय, सकाळी अकराच्या आत चालेल का?

सुदामानगरची आई

चालेल, या. आकाशी शर्ट पण दोन काढून ठेवते.